घरातला धूप, दाराबाहेरचा धूर

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडी बाजारात पूजेच्या सामानाच्या पथारीपाशी थोडं थांबून बघावं. वरून धुळकट आणि फोडलं की आतून चमकणारे फिकट पिवळे खडे म्हणजे राळ. पांढरे दाणे अडकलेली तपकिरी ढेकळं म्हणजे लोबान, आपल्या जुन्या घरांतला ऊद. बोटाला चिकटणारा काळपट गोळा म्हणजे गुग्गुळ. बाजूला कापराच्या पुड्या असतात आणि हल्ली रंगीत खोक्यांत ‘नेगेटिव्ह एनर्जी’ घालवणाऱ्या धूपकांड्याही असतात. एखादी बाई विचारते, “घरात फिरवायला यातलं कोणतं चांगलं?” दुकानदार तिन्हींतलं थोडं थोडं कागदात बांधत म्हणतो, “माय, तिन्ही मिळवून जाळा. घरातली सगळी बला निघून जाते.”

ही ‘बला’ म्हणजे नेमकं काय, याला घराघरांत वेगळं उत्तर मिळतं. कुणाला दृष्ट लागल्याची शंका असते, तर कुणाच्या घरात आजारपण हटत नसतं. नवं घर घेतलेल्याला आधीच्या माणसांची सावली नको असते. शहरात वाढलेली मुलगी त्यालाच ‘एनर्जी’ म्हणते आणि कॅलिफोर्नियातल्या पांढऱ्या सेजची जुडी ऑनलाइन मागवते. शब्द बदलले, कृती तीच: निखाऱ्यावर काहीतरी सुगंधी टाकायचं, धूर घरभर फिरवायचा आणि घर स्वच्छ झालं असं मानायचं. या धुराने घरातलं काय जातं आणि घरात काय राहतं, हे तपासायला बालाघाटइतकी चांगली जागा नाही. तिथे धुपाचं झाड जंगलात आहे, धुपाचा विधी गावात आहे, आणि धूर लागतो अशी खरीखुरी कारणंही आहेत.

सुरुवात झाडापासून करू. जिल्ह्याचा पश्चिमेकडचा भाग वैनगंगेच्या खोऱ्यातला, धानाचा आणि तळ्यांचा. २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर तांदूळ याच जिल्ह्याचा. पोवारी, मराठी आणि हिंदी एकाच ओसरीवर आलटून पालटून बोलणारी माणसं इथे भेटतात. १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून हा जिल्हा उभा राहिला, त्यामुळे बोलीची ही सरमिसळ त्याच्या जन्मातच आहे. पूर्वेला घाट चढून बैहरकडे गेलं की जंगल बदलतं. साग मागे पडतो आणि सालवृक्ष सुरू होतो. तेच जंगल पुढे कान्हा राष्ट्रीय उद्यानात शिरतं. पुस्तकात साल किंवा शाल, गावात सरई. महाराष्ट्रात हे झाड जवळजवळ नाहीच, म्हणून पुण्या-मुंबईच्या वाचकाला राळ माहीत असते, पण राळेचं झाड माहीत नसतं.

सरईच्या खोडाला जखम झाली की आतून एक चिकट द्रव पाझरतो आणि हवेत सुकून घट्ट होतो. तीच राळ. झाड ती आपल्या देवासाठी गाळत नाही. साल फाटली की तिथून बुरशी आणि किडे आत शिरतात, त्यांच्यासाठी हा बंदोबस्त असतो. सालाचा मोठा वैरी म्हणजे साल-पोखरणारा भुंगा. पावसाळ्यात त्याची मादी सालीत अंडी घालते आणि अळी आतल्या लाकडात बोगदे करत जाते. धडधाकट झाडात यातल्या पुष्कळ अळ्या राळेतच बुडून मरतात. भुंगे फारच वाढले तर मात्र झाड हरतं. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला-बालाघाट पट्ट्यात आणि शेजारच्या छत्तीसगडात अशी मोठी साथ आली होती आणि हजारो वाळलेली झाडं तोडावी लागली. भुंगे पकडायची वनखात्याची जुनी युक्ती मजेशीर आहे. सालाचे ताजे ओंडके कापून टोकांची साल ठेचून ठेवतात. रसाच्या वासाने भुंगे लांबून येतात, पोटभर पितात आणि सुस्त होऊन पडतात. गावकरी ते वेचतात, मुंडकी मोडून मोजतात आणि नगामागे पैसे घेतात. किड्यांना मारणारा स्रावही त्याच झाडाचा आणि त्यांना फशी पाडणारा रसही त्याच झाडाचा.

राळ, गुग्गुळ आणि लोबान हे तिन्ही अशाच जखमांवरचे लेप आहेत. निखाऱ्यावर त्यांचा जो वास येतो, त्यामागे कीड आणि बुरशी रोखण्यासाठी झाडाने तयार केलेली रसायनं असतात. तेव्हा धुपाचा कीडमुंगीशी संबंध आहे असं आजी म्हणत असेल, तर ती हवेत बोलत नाही.

मात्र तिन्हींचं मूळ वेगवेगळं आहे. लोबान देते ती स्टायरॅक्स कुळातली झाडं सुमात्रा, लाओस या भागातली. म्हणजे बालाघाटच्या खेड्यात जळणारा लोबान समुद्र ओलांडून आलेला असतो. गुग्गुळाचं काटेरी झुडूप राजस्थान, कच्छ आणि चंबळच्या रुक्ष पट्ट्यातलं. जास्त गोंद मिळावा म्हणून खोल चिरे पाडल्याने झुडपं मेली, आणि आज हे झाड आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे. साहजिकच स्वस्तात मिळणारा गुग्गुळ बऱ्याचदा गुग्गुळ नसतोच. मध्य भारतातल्या कोरड्या टेकड्यांवर वाढणाऱ्या सालईचा गोंद त्याच्या नावाने खपतो. सालईला धूप म्हणून कमी लेखायचं मात्र कारण नाही. अरबस्तान आणि आफ्रिकेच्या शिंगातून जगभर गेलेला प्रसिद्ध धूप, फ्रँकिन्सेन्स, ज्या झाडांचा, त्यांची ती सख्खी बहीण आहे. खरा गुग्गुळ ओळखायची जुन्या वैद्यांची परीक्षा सोपी आहे: उन्हात ठेवला की मऊ पडतो, विस्तवावर जळतो आणि गरम पाण्यात घातला की पाणी दुधाळ होतं. फॅशनेबल दुकानांत मिळणारं दक्षिण अमेरिकेतलं ‘पालो सांतो’ हे सुगंधी लाकूड गुग्गुळ आणि सालईच्याच कुळातलं आहे. वासाचा प्रकार घरचाच असताना विमानभाडं कशाला भरायचं, असा प्रश्न मला तरी पडतो.

आता निखारा बघू. राळेचा खडा निखाऱ्यावर ठेवला की तो लगेच पेट घेत नाही. आधी कडेने वितळतो, बुडबुडे येतात आणि पांढरा दाट धूर सरळ वर चढतो. या पहिल्या अर्ध्या मिनिटात हलकी, चटकन उडणारी द्रव्यं बाहेर पडतात आणि वास सगळ्यात गोड असतो. टर्पेंटाइनच्या वासाशी नातं असलेले टर्पीन वर्गातले रेणू त्यात मुख्य असतात. लोबानात शिवाय व्हॅनिलाच्या वासाचा अंश असतो, म्हणून त्याचा धूर किंचित मिठाईसारखा वाटतो. त्यानंतर उरलेला जड भाग करपायला लागतो, धूर पिवळट होतो, घशाला टोचतो आणि वास जळका येतो. जाणती बाई याच क्षणी धुपाटणं दाराकडे नेते, किंवा खडा संपायच्या आत पुढचा चिमूटभर टाकते. नवखा माणूस एकदम मूठभर टाकतो आणि सगळं घर खोकत बाहेर येतं.

घर धुरावण्याची रीत भारतात किती जुनी आहे हे वैद्यकाच्या ग्रंथांवरून कळतं. सुश्रुतसंहितेत जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यायला सांगितलं आहे. काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा ग्रंथ. त्यात धुपांच्या पाठांचा एक अख्खा अध्याय आहे. संस्कृतात सर्जरस म्हणतात ती हीच राळ, आणि अनेक जुन्या धूपयोगांत ती आहे. तिथे हा धूर ‘रक्षोघ्न’ म्हणजे राक्षसांना मारणारा म्हटला आहे. जखमेत पू कशाने होतो हे ठाऊक नसलेल्या काळात तो राक्षसच वाटणार. पण सांगितलेली जागा बघा: जखमेची खोली, बाळंतिणीची खोली, तान्ह्या मुलाची खोली. माशा, डास आणि संसर्ग यांचा धोका जिथे सर्वाधिक, नेमक्या तिथेच धूर सांगितला आहे.

घाटावरच्या गोंड आणि बैगा गावांत या धुराला ‘हूम-धूप’ म्हणतात. पेरणीपूर्वी, आजारात, नव्या धानाच्या वेळी मांत्रिक गुनिया किंवा गावचा पुजारी निखाऱ्यावर राळ टाकून देवाला हाक मारतो. व्हेरियर एल्विन यांनी मंडला-बालाघाटच्या मैकल डोंगररांगांत राहून १९३९ साली ‘द बैगा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या जगात घर आणि जंगल यांच्यामध्ये भिंत फारशी नव्हती. झाडाचा धूर झाडातल्या देवालाच परत पोचवायचा, हे त्यात ओघानेच आलं.

खालच्या सपाट मुलखात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बालाघाट आणि आसपासच्या गावांत ‘नारबोद’ नावाची पुतळी निघते. रोगराई, खोकला, डास, भांडणं, जे जे नको ते सगळं तिच्या नावाने हाका मारून तिच्याबरोबर पाठवायचं, शिवेबाहेर न्यायचं आणि तिथे जाळायचं. विदर्भात तिची बहीण म्हणजे मारबत. नागपुरात काळी आणि पिवळी मारबत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून मिरवणुकीने निघते. झाडीपट्टीत पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्याही त्या पहाटे उचलून गावाबाहेर टाकतात. श्रावण-भाद्रपदाच्या सांध्यावर, धानाच्या बांध्यांत पाणी साचलेलं असताना आणि ताप घरोघर असताना हा सण येतो, हे सहज लक्षात येईल.

या सगळ्या विधींत एक गोष्ट पक्की आहे. नको ते बाहेर जातं. नारबोद शिवेपलीकडे जळते, घरात नव्हे. घरात फिरवलेला धूप देवघरापासून सुरू होऊन खोल्याखोल्यांतून, धान्याच्या कोठीमागून, न्हाणीतून फिरत शेवटी उंबऱ्यावर येतो आणि अंगणात ठेवला जातो. विधी पूर्ण व्हायला दार उघडं असावं लागतं. कौलारू घरात तर दार लावलं तरी धूर कौलांच्या फटींतून निघूनच जायचा. सिमेंटच्या छताखाली, सरकत्या काचेच्या खिडक्या लावून, एसीच्या थंडाव्यात आपण तोच धूप लावतो तेव्हा विधीचा पहिला भाग राहतो आणि दुसरा गळतो. आज धुपाबद्दलच्या बहुतेक तक्रारी आणि बहुतेक धोके याच गळतीतून आले आहेत, असं माझं मत आहे.

जुन्या घरांत धुराला कामंही होती. चुलीच्या वर, माळ्यावर, बांबू आणि टोपल्या ठेवलेल्या असत. वर्षानुवर्षांच्या धुराने तो बांबू काळाकुट्ट, तेलकट होई आणि त्याला घुण लागत नसे. हिरव्या बांबूत पिठूळ साखर आणि स्टार्च असतो, तो खायला बारीक किडे येतात. धुरातले फिनॉल वर्गातले पदार्थ बांबूत मुरले आणि आतला ओलावा उडाला की किड्यांना त्यात रस उरत नाही. बालाघाट बांबूच्या जंगलांसाठी ओळखला जातो, तेव्हा इथल्या बुरडकाम करणाऱ्या माणसाला हे सांगायला कुठला प्राध्यापक लागला नाही. पावसाळ्यात अंथरुणांना येणारा कुबट वास, कोपऱ्यातली बुरशी, कोठीतले टोके, माठाभोवतीची चिलटं, या सगळ्यांवर धूर हा हाताशी असलेला उपाय होता. तो पूर्ण उपाय नव्हता, पण दुसरा होताच कुठे?

डासांचा मुद्दा तर या जिल्ह्यात थट्टेचा नाही. बैहर, बिरसा, परसवाडा या जंगलभागात हिवतापाने पिढ्यानपिढ्या माणसं झिजवली आहेत. शेजारच्या मंडला जिल्ह्यात २०१७ पासून सरकारी आरोग्ययंत्रणा, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि एका खासगी प्रतिष्ठानाने मिळून सव्वा हजारांच्या आसपास गावांत हिवताप निर्मूलनाची मोठी मोहीम चालवली. तिथे कामाला आलं ते घरोघर ताप तपासणं, लगेच रक्त बघून पूर्ण औषध देणं, औषधी मच्छरदाण्या आणि भिंतींवरची फवारणी. कडुनिंबाच्या पाल्याचा किंवा राळेचा धूर जळत असेपर्यंत डासांना जरा लांब ठेवतो. निखारा विझला की डास परत येतो, आणि हिवतापाचा डास तर मुख्यतः रात्री, माणसं झोपल्यावर चावतो. रात्रभर धूर करायचा म्हटलं, तर हिवताप टळण्याआधी छाती भरेल.

आता धुराने हवेतले जंतू मरतात का, हा लोकांचा आवडता प्रश्न. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पतिशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बंद खोलीत तासभर हवनसामग्रीचा धूर केला तेव्हा हवेतल्या जिवाणूंची संख्या ९४ टक्क्यांनी घटली, आणि बंद खोलीत हा परिणाम चोवीस तास टिकला. प्रयोग खरा आहे, नामांकित नियतकालिकात आलेला आहे. त्याचा अर्थ मात्र नीट लावायला हवा. हवेतले बहुतेक जिवाणू कुणाला आजारी पाडत नाहीत, ते घटल्याने घरातली माणसं कमी आजारी पडतात असं या प्रयोगाने दाखवलेलं नाही. शिवाय जो धूर तासभरात जिवाणूंना मारतो तो फुप्फुसाच्या आतल्या नाजूक अस्तराला ओळख दाखवून सोडून देत नाही.

याहून पुढचे दावे तर निव्वळ गंमत आहेत. दहा ग्रॅम तूप जाळलं की टनभर प्राणवायू तयार होतो, हा संदेश फोनवर दर महिन्याला फिरतो. जळणं म्हणजे प्राणवायू खाणं. हिशोब केला तर दहा ग्रॅम तूप पूर्ण जळायला सुमारे २८ ग्रॅम प्राणवायू लागतो, तो खोलीतूनच जातो. दुसरी गोष्ट मध्य प्रदेशात जन्मली म्हणून इकडे जास्त ऐकू येते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला तेव्हा अग्निहोत्र करणारी घरं वाचली, असं सांगतात. त्या रात्री कोण वाचलं हे ठरलं ते वाऱ्याची दिशा, कारखान्यापासूनचं अंतर, घराची उंची, दारं बंद होती की नाही, माणसं कुठल्या बाजूला पळाली, यावर. तो वायू हवेपेक्षा जड होता आणि जमिनीलगत पसरत गेला. एवढी हजारो माणसं गेलेल्या रात्रीचा उपयोग धूपविक्रीसाठी करणं मला तरी अभद्र वाटतं.

मग धूर फिरवल्यावर ‘घर हलकं झालं’ असं जे वाटतं, ते खोटं का? अजिबात नाही. वास नाकातून मेंदूच्या ज्या भागाशी पोचतो तो आठवणी आणि भावनांच्या शेजारीच आहे, म्हणून लोबानाच्या वासाने माणसाला आजोळ आठवतं. फ्रँकिन्सेन्स देणाऱ्या, म्हणजे सालईच्या बहिणी असलेल्या झाडांच्या राळेत इन्सेन्सोल अॅसिटेट नावाचा एक पदार्थ असतो. २००८ साली इस्रायल आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तो उंदरांना दिला तेव्हा त्यांची भीती आणि अस्वस्थता कमी झालेली दिसली. उंदरांना तो टोचून दिला होता, धुपाटण्यातून नव्हे, हे विसरू नये. पण वासाने मन शांत होण्याला काही शारीरिक पाया असू शकतो, इतकं यावरून म्हणता येतं. आणखी एक कारण अगदी साधं आहे. धूप फिरवायचा म्हणून आधी घर झाडलं जातं, जाळी काढली जातात, अडगळ हलते, खिडक्या उघडतात, सगळी माणसं एकदा तरी एकत्र उभी राहतात. यातलं निम्मं केलं तरी कुठलंही घर हलकं वाटेल. कुठल्याही मीटरवर मोजता येईल अशी ‘नकारात्मक ऊर्जा’ कुठल्याच घरात सापडलेली नाही. ती घालवल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्याला पैसे देण्याआधी ती आधी होती कशावरून, हे जरूर विचारावं.

धोक्याची बाजूही मोजून सांगतो. धुरातले बारीक कण बहुतेक एका मायक्रॉनहून लहान, म्हणजे श्वासनलिकेत अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. भारतात बाहेरच्या हवेसाठी अडीच मायक्रॉनखालच्या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना १५ सांगते. बंद खोलीत धूप पेटवला की हा आकडा काही मिनिटांत कित्येक पटींनी ओलांडला जातो. सिंगापुरात एकसष्ट हजारांहून जास्त चिनी वंशाच्या माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २००८ साली निघालेला निष्कर्ष असा होता, की दीर्घकाळ रोज उदबत्त्या लावणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या वरच्या भागातल्या काही कर्करोगांचं प्रमाण जास्त आढळलं. अमावस्येला धूप फिरवणाऱ्याने घाबरून जावं असा हा निष्कर्ष नव्हे. सकाळ-संध्याकाळ बंद फ्लॅटमध्ये उदबत्ती, वर धूपकांडी, वर डासांची कॉइल, असं चालत असेल तिथे मात्र तो लागू पडतो. कॉइलचं तर २००३ सालच्या एका मोजणीत असं निघालं की एक कॉइल पूर्ण जळली तर पाऊणशे ते सव्वाशेहून जास्त सिगारेटींइतके बारीक कण सोडते.

बाजारातल्या तयार धूपकांडीत काय असतं हा वेगळाच विषय. लाकडाचा भुसा, कोळशाची पूड, चिकटपणासाठी मैदालकडीच्या सालीची भुकटी, आणि वास टिकावा म्हणून डायएथिल थॅलेटसारखी रासायनिक द्रावणं. राळ किंवा लोबान नावापुरता. नाव नसलेल्या काही ‘मच्छर अगरबत्त्यां’त तर नोंदणी न झालेली कीटकनाशकंही सापडली आहेत. सुट्टा खडा घ्यावा, तो डोळ्यांना दिसतो. उदबत्तीच्या काडीबद्दल घरोघर एक वाद असतो, की बांबू जाळू नये म्हणून उदबत्ती नको, धूप चालेल. तो वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. बालाघाटच्या बांबूवाल्याच्या दृष्टीने मोठी बातमी वेगळी होती. चीन-व्हिएतनामहून येणाऱ्या तयार काड्यांमुळे इथला धंदा बसला होता. २०१९ मध्ये सरकारने उदबत्तीच्या आयातीवर बंधनं घातली आणि २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरचा आयातकर १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर नेला.

सगळ्यात जपायला हवं ते बाळंतिणीच्या खोलीत. शेगडीत किंवा मातीच्या गोरसीत निखारे घेऊन त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणीची सालं टाकायची आणि बाळाला न्हाऊ घातल्यावर धुरी द्यायची, ही पद्धत अजून जिवंत आहे. तान्हं मूल मिनिटाला चाळीसच्या आसपास श्वास घेतं, मोठा माणूस पंधरा-सोळा. वजनाच्या मानाने धूर बाळाच्या अंगात कितीतरी जास्त जातो. धुरी द्यायचीच असेल तर कपड्यांना आणि पाळण्याला द्यावी, बाळ दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि निखाऱ्यांची शेगडी दार लावून उबेसाठी रात्रभर ठेवू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतं. धूर दिसतो म्हणून माणूस सावध होतो, हा वायू मात्र धूर बसून गेल्यावर, निखारे लाल आणि स्वच्छ दिसत असतानाही सुटत असतो. दर हिवाळ्यात अशा खोल्यांतून माणसं उठत नाहीत, तरी सवय सुटत नाही.

किती धूर पुरे, याचा हिशोब ज्याला नीट जमला तो माणूस बाजारातच असतो. गोंदियापासून बालाघाटपर्यंत, नागपुरातही, गुरुवारी किंवा शुक्रवारी दुकानादुकानांतून लोबानदानी घेऊन फिरणारा फकीर. उजव्या हातात मोरपिसांचा कुंचा, डाव्या हातात साखळीला लटकलेलं भांडं. गल्ल्याजवळ येतो, चिमूटभर लोबान टाकतो, कुंच्याने दोनदा वारा घालतो, धूर गल्ल्यावरून, कपाटांवरून जातो आणि रस्त्यावर निघतो. “बाबा, आतल्या गोदामातही फिरवा,” दुकानदार म्हणतो. बाबा आत जातो, मागचं दार उघडायला लावतो आणि लगेच बाहेर येतो. एका दुकानात मिनिटभरही थांबत नाही, कारण पुढे चाळीस दुकानं असतात. हिंदू शेठ, जैन सराफ, मुसलमान किराणावाला, सगळे त्याला नाणं देतात.

राहता राहिली दृष्ट. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या ओवाळून विस्तवात टाकतात. मीठ तडतडतं, कारण स्फटिकांत अडकलेलं पाणी एकदम वाफ होऊन स्फटिक फुटतो. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती, असं म्हणायची रीत आहे. रसरशीत जाळात टाकलेली मिरची भडकून जळते, तिच्यातला तिखट पदार्थ जळून जातो आणि उरलेला चुलीच्या ओढीने धुराड्यातून वर जातो, म्हणून ठसका लागत नाही. अर्धवट विझलेल्या निखाऱ्यावर मिरची धुमसते आणि आख्खी गल्ली शिंकते. आजी विस्तव कसा आहे हे बघून मिरच्या टाकते, असं म्हटलं तर तिला राग येईल. पण दृष्ट काढायच्या आधी चुलीत एक वाळकं लाकूड सारून जाळ वाढवते, हे कुणीही बघावं.